हासळी

रात्रपाळी. मुहर्रकच्या दवाखान्याचा तळमजला,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
कागदावर नाव: मुश्ताक हमदुले. वय चौतीस.
काम: परांची बांधणे.
काय झालं, या रकान्यात एकच शब्द: पडला.

मी सवयीने म्हटलं, खुद नफस.
मग हिंदीत, सांस लो.
तो म्हणाला, तू कुठली गो बाय?
देवरुखची. तो बाणकोटचा.
एवढ्या ओळखीवर त्याने वरचं बटण काढलं,
जे नर्सने तीनदा सांगूनही काढलं नव्हतं.

गळ्याखाली, हासळी जिथे छातीच्या हाडाला टेकते
तिथे लाल फुगवटा, अर्ध्या लिंबाएवढा, गरम.
हासळी. आमच्याकडे बारशाला मामा आणतो,
चांदीची, बाळाच्या गळ्यात सैल.
हाडालाही तेच नाव, हे मला कॉलेजात
कुणी सांगितलं नाही. तिथे ते इंग्रजीत होतं.

पडल्याने असं होत नाही.
पडल्याने हाड मोडतं, कडा स्वच्छ दिसतात.
इथे कडाच नव्हती. टोक विरलेलं,
चहात बुडवून विसरलेल्या खारीसारखं.

खुब्याचाही काढायचा होता. पाय उचलवेना.
"जिना चढताना आत कट्ट करून वाजतं," म्हणाला,
"आणि माझ्या नळ्या चौदाव्या मजल्यावर."
जांघेत चड्डीच्या काठाशी ठिपके,
जुने काळे, दोन ताजे.
मी नजर पडद्यावर नेली.

पडद्यावर खुब्याची वाटी,
वाटीत बसणारा गोळा वरून बसका,
आणि हाडापासून दोन बोटं दूर, मांसात,
एक रेघ. पांढरी, आखूड, सरळ.
पंधरा वर्षांत माणसाच्या आत
इतकं सरळ काही मी पाहिलं नव्हतं.

"हाड बोलतं काय गो?" त्याने विचारलं.
मी काही बोलले नाही, म्हणून तोच बोलला.
पहिली घेतली खांदा धरला तेव्हा,
खोलीतल्या एकाने दिली. मुकादम सुट्टी देईना.
बाकीच्यांबद्दल काही म्हणाला नाही.
एकदा सुई तुटली, एवढंच.
सुई कुणाची होती? हसला. "खोलीची."

डॉक्टर सकाळी सांगतील: जंतू.
रक्तातून फिरत फिरत सांध्यात वस्तीला आले.
वस्तीला. आम्ही सगळे आलो तसे,
जिथे खाट मिळाली तिथे.

"कळलं तर आधी पोलीस, मग विमान," तो म्हणाला.
"घरचा स्लॅब पडायचाय अजून."
पडायचाय हा शब्द त्यालाच ऐकू आला,
त्याने तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या फोटोला चौकट बोटभर आत घेतली असती
तर ती रेघ कापली गेली असती.
खटक्यावर हात ठेवून मी उभी राहिले, किती वेळ
कोण जाणे, बादली बरीच भरली.
मग सर्जनची बोटं आठवली.
परवा जेवताना संत्रं सोलून दिलं होतं त्यांनी
सगळ्या टेबलाला. ती बोटं आंधळेपणाने
या मांसात शिरणार.
नाही कापली. त्याला तसं सांगितलं.

"लिहू तरी नको."
लिहिणं माझं काम नाही, मी म्हटलं.
माझं काम शिशाचं एक अक्षर ठेवायचं,
बाजू कुठली, डावी की उजवी.
हे खरं होतं. खरं असूनही
माझ्या तोंडात ते रबरासारखं लागलं.

डॉक्टरांना उठवायला फोन उचलला,
ताप एकशे तीन, सकाळपर्यंत थांबू नका म्हणून.
काचेतून पाहिलं तर तो तसाच निजलेला,
छाती वर, हासळी वर, ओठ घट्ट.
श्वास रोख, म्हटलं होतं मी.
सोड, म्हणायचं राहून गेलं होतं.